नाताळची भेट म्हणून वाढत्या वयाच्या मुलांना कपडे दिलेत? काय झालं ते लिहा

मागच्या नाताळात भाचीला हुडी दिली. ती अजून तिच्या अंगावरून उतरलेली नाही. त्याच्या आदल्या वर्षी दिलेला टॉप मात्र टॅगसकट कपाटात पडून आहे. दोन्ही मीच घेतले, दोन्ही राम मारुती रोडवरून, आणि किमतीतही फार फरक नव्हता.

आम्ही नौपाड्यात राहतो. नाताळ आमच्या घरी आला तो शेजारच्यांमुळे. भाची तीन वर्षांची असल्यापासून त्यांच्या दारातला तारा आणि त्यांच्याकडून येणारं नेवऱ्यांचं ताट बघत मोठी झाली, आणि २५ डिसेंबरला मावशीने काहीतरी द्यायचं हे ठरूनच गेलं. लहान होती तोवर सोपं होतं. आता ती पंधराची आहे.

तो टॉप मोरपिशी होता, गळ्याला बारीक भरतकाम. तिने कागद काढला, "छान आहे, मावशी" म्हणाली आणि घडी घालून बाजूला ठेवला. घडी फारच नीट घातली होती, त्यावरूनच मला कळलं. पुढच्या वर्षी मी दोन महिने नुसती बघत राहिले. कोणत्याही दिवशी ती काळा, राखाडी नाहीतर फिका जांभळा एवढेच रंग घालायची. सगळं सैल, बाह्या तळहातावर येणाऱ्या. मग राखाडी, ड्रॉप शोल्डरची (खांद्याची शिवण दंडावर येणारी), नावबिव काही न छापलेली हुडी आणली. कागद पुरता निघायच्या आत तिने डोकं आत घातलं होतं. "ही आधीपासून माझीच होती असं वाटतंय" म्हणाली. मला भरून आलं.

तुमच्याकडे काय झालं? मुलगा-मुलगी किती वर्षांची, काय दिलंत आणि ते वापरलं गेलं का, एवढं जरूर लिहा. फसलेले अनुभव तर हवेच आहेत.

ठाणे, जांभळी नाका. दोन मुलांची आई

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मराठी बोलणारे ख्रिस्ती. हे नाव १८८७ सालचं, पण घरात बोलणं पहिल्यापासून मराठीच. त्यामुळे कपडे आणि नाताळ यावर मला जरा वेगळं सांगायचंय.

आमच्याकडे नवे कपडे ही भेट नसतेच. मध्यरात्रीच्या मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनेला) नवं कापड अंगावर हवंच, जसे फराळात फुगे आणि कलकल हवेत. माझ्या लहानपणी वडील नोव्हेंबरात कापडाचा एकच तागा आणायचे. त्यात आम्हा तिघी बहिणींचे फ्रॉक बेतले जायचे, उरलेल्या तुकड्यात भावाचा शर्ट. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये आम्ही चौघं एका बाकावर बसलो की एकाच कापडाची रांग दिसायची. आजी लुगड्यात. तेराव्या वर्षी मला त्याची इतकी लाज वाटली की त्या रात्री मी मुद्दाम दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. आई काही बोलली नाही. मिस्सेनंतर सगळे गव्हाणीपाशी गेले तेव्हा तिने फक्त माझ्या खांद्यावर शाल टाकली, फ्रॉक झाकला जाईल अशी. ते मी विसरलेले नाही.

म्हणून आता दोन्ही वेगळं ठेवते. मिस्सेचे कपडे मुलं स्वतः निवडतात, मी पैसे देते, अट एकच, चर्चला शोभायला हवेत. ती भेट नव्हे. भेट म्हणून कपडा द्यायचाच तर तो रोजचा, कॉलेजला घालायचा. थोरल्याला (१७) त्याच्या गॉडमदरने फुटबॉलची जर्सी दिली. जर्सी त्याच्या लाडक्या संघाचीच होती, कारण तिने आधी फोन करून मला विचारलं होतं. "मुलाला आवडेल तेच देऊ दे, मला काय आवडतं ते नको" असं ती म्हणाली. तिचं वय एक्काहत्तर.

नेरुळ. बाबा

मुलगा चौदाचा. नोव्हेंबरच्या सेलमध्ये कार्गो पँट घेतली, घरी लपवून ठेवली. पंचवीस तारखेला घातली तर घोटे उघडे. तेव्हा चिडलो, नंतर बालरोगतज्ज्ञांशी बोलताना समजलं. वाढीचा जोर असतो तेव्हा मुलगे वर्षाला ९-१० सेंटीमीटर उंच होऊ शकतात, मुली साधारण आठ, आणि मुलींचं ते आधी सुरू होतं. शिवाय सगळं अंग एकदम वाढत नाही. आधी पावलं, मग हातपाय, धड सगळ्यात शेवटी. म्हणजे बूट आणि पँट आधी आखूड होणार, टी-शर्ट जास्त टिकणार.

आता नाताळला वरचेच कपडे देतो. पँट हवी असेल तर त्याच आठवड्यात, त्याला बरोबर नेऊन, आणि खाली दुमडलेलं कापड किती आहे ते उलटून बघून. दोन इंच असेल तर जूनपर्यंत उसवून चालवता येते.

खारघर. मी स्वतः १७ वर्षांची

आई हा धागा (ही चर्चा) वाचत होती म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत एका नातेवाईक काकूंनी मला ड्रेस दिला. एम साइझ. मला एल लागतो हे त्यांना माहीत होतं, कारण दिवाळीला त्यांनीच आईला विचारलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मुद्दाम लहान आणलाय, एवढा होईपर्यंत जरा खाण्याकडे लक्ष दे." सगळे हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. तो ड्रेस मी कधीच घातला नाही, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर कुठल्याही दुकानाच्या ट्रायल रूममध्ये गेले नाही. कपडे ऑनलाइन मागवायचे आणि आलेले आवडले नाहीत तरी ठेवून घ्यायचे.

कृपया असं करू नका. "सैल आहे, झाकलं जाईल" हेही नको. आम्हाला ऐकू येतं.

चांगला अनुभवही सांगते. माझ्या मामाने आईकडून माझ्या सगळ्यात जास्त घातलेल्या टी-शर्टच्या लेबलचा फोटो मागवला. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, फक्त गडद हिरवा घेतला. कोणाला काही बोलावं लागलं नाही. मला तो एवढा आवडतो की क्लासच्या एसीतसुद्धा वर जॅकेट घालत नाही, दिसावा म्हणून.

ऐरोली

तेरा वर्षांची लेक. मोज्यांच्या सहा जोड्या, प्रत्येकावर वेगळं फळ. साइझची भानगड नाही, आणि शाळेच्या बुटात कोणाला दिसत नाहीत म्हणून नियमही मोडत नाही. दोन वर्षं झाली, अजून कलिंगडाचे मोजे शोधत घर डोक्यावर घेते.

वाशी. कपड्यांच्या दुकानात नऊ वर्षं काउंटरला

खारघरच्या ताईचं वाचून वाईट वाटलं. असे प्रसंग मी ट्रायल रूमच्या बाहेर उभी राहून पुष्कळ ऐकले आहेत. आमच्या बाजूने कामाचं काही सांगते.

२६ डिसेंबरला आमच्याकडे बदलून घ्यायची रांग लागते, आणि निम्मे लोक परत जातात. कारण बदलायची मुदत भेट दिल्यापासून मोजत नाहीत, बिलाच्या तारखेपासून मोजतात. पंधरा दिवसांची मुदत असेल आणि तुम्ही एक तारखेला घेतलं असेल, तर नाताळच्या आधीच ती संपलेली असते. घेतानाच विचारा. काही दुकानं नाताळसाठी मुदत वाढवून देतात, पण ती बिलावर लिहून घ्या. किंमत नसलेली पावती मिळते का तेही विचारा, म्हणजे मुलाला स्वतः येऊन बदलता येतं. टॅग कापू नका, किमतीवर चिकटपट्टी लावा.

वय सांगून कपडे घेऊ नका. "१४-१५ वर्षं" हे लेबल सरासरीवर असतं. वर्गातली दोन मुलं शेजारी उभी करा, एकाला ते खांद्यात अडकेल, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत येईल. तेरा-चौदाच्या मुलग्यांना बऱ्याचदा लहान मुलांच्या विभागातलं काही होत नाही आणि मोठ्यांच्यातलं मोठं पडतं. तेव्हा मोठ्यांच्या विभागातला एक्सएस किंवा एस बघा. तिकडून घेतलं की मुलगा खूशही होतो, कारण त्यावर डायनासोर नसतो.

ओव्हरसाइझ टी-शर्ट देणार असाल तर एक साइझ मोठा साधा टी-शर्ट देऊ नका. त्याचा गळा लोंबतो. ओव्हरसाइझचा कटच वेगळा असतो, खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि गळा बेताचा राहतो. कापडही जाड लागतं, २४० जीएसएमच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला २४० ग्रॅम. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं, म्हणून घट्ट बसणारं सुती काही घेऊ नका.

माल सदोष निघाला, चेन बिघडलेली, शिवण उसवलेली, तर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. रंग आवडला नाही यासाठी मात्र हा कायदा नाही, तिथे दुकानाचा नियम.

ठाणे पूर्व, कोपरी. आजोबा

मी नवीन काही घेतलं नाही. १९८९ मध्ये पहिल्या बोनसमधून घेतलेलं माझं डेनिमचं जॅकेट माळ्यावर होतं. नात सोळाची, तिला जुन्या कपड्यांचं वेड. त्यांच्या वर्गात नाताळला एकमेकांना भेटी देतात आणि तिने घरातही चिठ्ठ्या टाकायला लावल्या. तिच्या नावाची चिठ्ठी माझ्याकडे आली.

जॅकेट धुतलं, दोन दिवस उन्हात ठेवलं. बटणांना गंज चढला होता, ती बदलली. आमच्या गल्लीतल्या अल्टरवाल्याकडे नेलं तर तो म्हणाला, "काका, खांदे आत घेऊ का?" मी हो म्हणणार होतो. सुनेने अडवलं, म्हणाली, तिला असंच मोठं हवं असतं. बरं झालं विचारलं. आतल्या खिशात मला ठाणे ते व्हीटीचा (आताचं सीएसएमटी) लोकलचा जुना पास सापडला, तो तसाच ठेवला.

तिला जॅकेटपेक्षा आधी पास सापडला. त्यावरचं वय वाचून म्हणाली, "आजोबा, तुम्ही सव्वीस वर्षांचे होतात?" मग तासभर माझ्याजवळ बसून विचारत राहिली. मी हे जॅकेट घालून कुठे जायचो, आजी तेव्हा ओळखीची होती का, गाडीला दारात उभा राहायचो का. दहावीच्या वर्षात ती माझ्याशी तासभर बोलली नव्हती. ठाण्यात डेनिम घालण्याइतकी थंडी चार दिवस पडते, पण ती ते मार्चपर्यंत हातावर टाकून फिरली.

घणसोली

मी तीन घरी स्वयंपाकाची कामं करते. एका घरून दरवर्षी नाताळला माझ्या मुलीसाठी त्यांच्या मुलीचे कपडे मिळतात. कपडे चांगले असतात, मी नाव ठेवत नाही. पण मागच्या वर्षी ताईंनी मुलीला फोनवर विचारलं, "तुला काय रंग आवडतो?" आणि नवी पिवळी कुर्ती दिली, पाचशेच्या आतली असेल. मुलगी चौदाची आहे. तिने पिशवीसुद्धा जपून ठेवली आहे.

धागाकर्ती

सगळं दोनदा वाचलं. घणसोलीच्या ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून खूप आभार. खारघरच्या मुली, तुझं लिहिणं आमच्या घरातल्या मोठ्यांना मी आजच वाचून दाखवलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही.

भाचीला यंदा बॅगी जीन्स हवी आहे. तिच्या आईकडून तिची रोजची पँट मागून घेतली आहे, ती पिशवीत घालून संध्याकाळी गोखले रोडला जाते. कंबर आणि लांबी दुकानातच पट्टीने मोजेन, आणि बिलावर मुदत लिहून घेईन.