आयएसएलचे (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) रेडिओ हक्क वेगळे विकायला पाहिजेत का?

देवगडकर:
भाऊ ट्रॉलरवर तांडेल आहे, किनारा बराच मागे पडला की मोबाईलची रेंज जाते पण रेडिओ चालू राहतो. गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर एफसी गोव्याची मॅच असली की बंदरात पाय ठेवल्या ठेवल्या पहिला स्कोअर विचारतो. टीव्ही आणि ॲपच्या हक्कांची एवढी चर्चा होते, रेडिओचं नावही कोणी काढत नाही. इंग्लंडात प्रीमियर लीग रेडिओचे हक्क वेगळे विकते, बीबीसी आणि टॉकस्पोर्ट हे रेडिओवाले पैसे मोजून घेतात. आपल्याकडे मराठी-कोंकणीचे हक्क स्वस्तात द्या, पण द्या.

दापोलीचा_विन्या:
नाही पटलं भाऊ. तिकडे शनिवारी दुपारी 2:45 ते 5:15 लाइव्ह फुटबॉल टीव्हीवर दाखवतच नाहीत, मैदानं ओस पडू नयेत म्हणून, त्यामुळे त्या वेळात घरी बसलेल्याला रेडिओच उरतो आणि म्हणून त्या हक्काला भाव आहे. आपल्याकडे मॅच फोनवर दिसते. दोन कॉमेंटेटर, मैदानापासून स्टुडिओपर्यंतची लाइन, येण्याजाण्याचा खर्च, हे सगळं जाहिरातीतून निघायला हवं ना? 2010 ला भारतीय फुटबॉल फेडरेशनने हक्कांचा 15 वर्षांसाठी 700 कोटींचा करार केला तेव्हा रेडिओच्या जिवावर थोडाच केला.

वेंगुर्लेकरीण:
विन्या, भाव का येत नाही ते तर बघ. सरकारच्या 2011 च्या एफएम धोरणात खासगी एफएमला खेळाचं लाइव्ह कव्हरेज करता येत नाही, फक्त स्थानिक स्वरूपाच्या स्पर्धांची कॉमेंटरी चालते. म्हणजे मोठं गिऱ्हाईक एकच, आकाशवाणी. बंदरावर लिलावाला एकच व्यापारी उभा असला तर सुरमईला काय दर मिळणार? आणि खेळांच्या प्रक्षेपणाच्या 2007 च्या कायद्याने सरकारी रेडिओला सिग्नल द्यावा लागतो, जाहिरातीचे पैसे हक्कवाला आणि प्रसार भारती यांच्यात 50:50 वाटले जातात (टीव्हीला 75:25), पण ते फक्त राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांना. साध्या लीग मॅचला कोण विचारतो.

देवगडकर:
हेच मला नीट मांडता येत नव्हतं ताई. आणि विन्या, ही भीती जुनीच आहे बघ. इंग्लंडात 22 जानेवारी 1927 ला आर्सेनल-शेफील्ड युनायटेडची कॉमेंटरी बीबीसीने लावली, पुढे 1931 मध्ये तिथल्या फुटबॉल लीगने रेडिओवर बंदीच घातली, लोक मैदानात यायचे नाहीत म्हणून. आज तीच गोष्ट ते विकतात.

दापोलीचा_विन्या:
नियमाचं मान्य. पण एफएमला उद्या मोकळीक दिली तरी स्टेशनवाले गाणीच लावतील, गाण्यांवर जाहिरात मिळते आणि खर्च कमी. पहिली दोन वर्षं तोटा कोण सोसणार ते सांगा, मी लगेच तुमच्या बाजूने.

वेंगुर्लेकरीण:
क्लबने सोसावा. हक्क फुकट द्यायचे, जाहिरात आली तर निम्मी घ्यायची. आणि केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाला पत्र लिहून एकच विचारायचं, फातोर्ड्यातली मॅच पणजीच्या एफएमला स्थानिक धरता येते का?

देवगडकर:
पत्र मी लिहितो, कायद्याची भाषा तेवढी तुम्ही बघा.