प्रतिसाद: लूप नेमके केव्हा थांबते?

लूप म्हणजे प्रोग्रॅममधील प्रलंबित कामे एकामागून एक हाती घेत राहणारे चक्र (इव्हेंट लूप). ‘काम संपले की लूप आपोआप थांबते’ असे या चर्चेत आधी म्हटले गेले; ते नोडपुरते (नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) बरोबर आहे. पायथॉनच्या असिंकआयओ या लायब्ररीत मात्र ‘रन’ हे फंक्शन मुख्य कोरूटीन (मध्येच थांबून पुन्हा सुरू होऊ शकणारे फंक्शन) पूर्ण होताच उरलेली टास्क (लूपवर सोपवलेली इतर कामे) रद्द करते, मग त्यांचे काम अर्धवट का असेना.

नोडमध्येही ‘काम’ कशाला म्हणायचे, हा प्रश्न उरतोच; उघडी जोडणीही कामच धरली जाते. चिकोडी तालुक्यातील एका ऊस वजनकाट्यासाठी मी लिहिलेला सर्व्हर ‘क्लोज’ हे बंद करण्याचे फंक्शन बोलावूनही बंद होत नसे, कारण नोडच्या 16व्या आवृत्तीत ‘क्लोज’ केवळ नव्या जोडण्या नाकारत असे आणि कचेरीतील ब्राउझरचे पान जुन्याच जोडणीवरून दर 2 सेकंदांनी वजन विचारीत असल्याने 5 सेकंदांची कीप-अलाइव्ह मुदत (रिकामी जोडणी उघडी ठेवण्याचा काळ) कधी भरतच नसे. (दोन दिवस मी उगाच काट्याच्या केबलला दोष देत होतो.) 19व्या आवृत्तीपासून ‘क्लोज’ निष्क्रिय जोडण्याही मिटवते. राहिला टायमर: त्यावर ‘अनरेफ’ बोलावले की तो चालू राहतो, पण लिबयूव्ही (नोडचे लूप चालवणारी लायब्ररी) लूप जिवंत ठेवण्यासाठी त्याला मोजत नाही.