गॅरेथ बेलला 'ग्रेट' म्हणायचं का? माझं मत: नाही

बाराचीमॅच

चॅम्पियन्स लीगची फायनल जवळ आली की दरवर्षी बेलची ती 2018 च्या फायनलमधली कीव्हची ओव्हरहेड किक सगळ्यांच्या स्टेटसला फिरायला लागते आणि खाली लोक लिहितात लेजेंड, ग्रेटेस्ट वगैरे. मी पण ती मॅच रात्री जागून लाइव्ह बघितलीये, किक भारीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण एक किक म्हंजे करिअर नव्हे.

2013 ला रियल माद्रिदनं या वेल्सच्या प्लेअरसाठी लंडनच्या स्पर्सला (टॉटनहॅम) दहा कोटी युरोच्या आसपास रक्कम मोजली, रोनाल्डोपेक्षा जास्त, तोपर्यंतचा जगातला सगळ्यात महाग प्लेअर आणि वय फक्त 24. एवढं देऊन आणलेला माणूस रोनाल्डो गेल्यावर टीम खांद्यावर घेईल हीच अपेक्षा होती ना? झालं काय, तर 258 मॅच, 106 गोल. ऐकायला बरं वाटतं पण कॉन्ट्रॅक्ट नऊ सीझन चाललं, त्यातलं एक वर्ष लोनवर (दुसऱ्या क्लबला उसना), म्हंजे उरलेल्या आठ सीझनची सरासरी काढा, सीझनला जेमतेम 32 मॅच येतात. माद्रिद सगळ्या स्पर्धा धरून वर्षाला पन्नासच्या वर मॅच खेळतं. बाकीच्या वेळी साहेब कुठे असायचे? दवाखान्यात, बेंचवर, नाहीतर गोल्फ कोर्सवर.

आणि शेवटची वर्षं तर बोलायलाच नको. 2020 च्या जुलैत बेंचवर बसून मास्क डोळ्यांवर ओढून झोपेचं नाटक, मग टेपच्या गुंडाळीची दुर्बीण करून बघणं. टीम लीग जिंकायच्या दारात आहे आणि हे असले चाळे. पगार मात्र टीममधल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. टॅलेंट वाया घालवलं असं माझं स्पष्ट मत आहे. या आता मारायला.

उत्तरलंडनचा_मावळा

मारायला आलोच. तुम्ही लोक बेल 2013 ला जन्मला असं समजून बोलता ही खरी अडचण आहे.

मी स्पर्सवाला, त्यामुळे आधीचं सगळं बघितलंय. 16 व्या वर्षी साउथॅम्प्टनकडून डेब्यू, 2006 ला. त्याच वर्षी वेल्सकडून पण. 2007 ला आमच्याकडे आला तो लेफ्ट बॅक (डाव्या बाजूचा डिफेंडर) म्हणून, आणि त्यानंतर प्रीमियर लीगच्या 24 मॅच अशा गेल्या की तो टीममध्ये असताना स्पर्स एकदाही जिंकले नाहीत. चोवीस! लोक सरळ पनवती म्हणायचे. सप्टेंबर 2009 ला बर्नलीला 5-0 हाणलं तेव्हा कुठे ते संपलं. त्या वयात एवढं ऐकून घेतल्यावर निम्मी पोरं खालच्या डिव्हिजनला जाऊन गायब होतात. हा माणूस वर्षभरानं सान सिरोवर इंटरविरुद्ध, म्हंजे तेव्हाच्या युरोपियन चॅम्पियनविरुद्ध, टीम 4-0 नं मागे, गोलकीपरला रेड कार्ड, दहा जणांत खेळतोय आणि सेकंड हाफला डाव्या बाजूनं एकट्यानं पळत जाऊन तीन गोल. मॅच 4-3 हरलो पण त्या रात्री हरल्यासारखं कुणालाच वाटलं नव्हतं. पुढच्या लेगला घरच्या मैदानावर इंटरच्या माइकोनची जी अवस्था केली ती शोधून बघा, त्या वेळी जगातला सगळ्यात चांगला राइट बॅक मानायचे त्याला.

2012-13 ला लीगमध्ये 21 गोल, दोनदा पीएफए (इंग्लंडमधली प्लेअर्सची संघटना) प्लेअर ऑफ द इयर (2011 आणि 2013). लेफ्ट बॅक म्हणून घेतलेल्या पोरानं हे केलंय. टॅलेंट वाया घालवणारा माणूस असं पोझिशन बदलून स्वतःला नव्यानं घडवतो का?

बाराचीमॅच

स्पर्सचं सगळं मान्य. मी ग्रेट म्हणायचं की नाही हे विचारतोय, चांगला होता का हे नाही. दोन-अडीच सीझन अफाट खेळलेले डझनभर प्लेअर सांगतो.

हलाबेर्नाबेऊ

माद्रिद फॅन आहे आणि तरी (किंवा म्हणूनच) धागाकर्त्याला विरोध. जरा आमचे कप मोजू.

2014 कोपा (स्पेनचा कप) फायनल, बार्सा समोर, रोनाल्डो जखमी, 1-1, 85 वं मिनिट. बार्साच्या बार्त्रानं बेलला अक्षरशः ढकलून मैदानाबाहेर घातला, हा बाहेरून वळसा मारून पुन्हा आत आला, बॉल गाठला आणि गोल. अख्खी मॅच खेळून झाल्यावरची ती स्प्रिंट आहे. महिन्याभरानं लिस्बनला चॅम्पियन्स लीग फायनलच्या एक्स्ट्रा टाइममध्ये 110 व्या मिनिटाला हेडर, ला डेसिमाचा (माद्रिदचा दहावा युरोपियन कप) निर्णायक गोल. 2016 ला मिलानच्या फायनलमध्ये आमच्या डिफेंडर रामोसच्या गोलआधीचा फ्लिक याचा, आणि शूटआउटमध्ये पाय धड टाकता येत नसताना मारलेली पेनल्टी पण याचीच. 2018 ला कीव्ह, 1-1 असताना आत आला आणि तीन मिनिटांत ती किक, नंतर लांबून दुसरा. चॅम्पियन्स लीग फायनलला सब म्हणून येऊन दोन गोल त्याच्याआधी कुणी केलेच नव्हते.

पाच चॅम्पियन्स लीग आहेत त्याच्या नावावर. 2022 ची सोडून द्या, त्यात त्याचा वाटा नाही हे मी पण म्हणतो. 2017 ला पण फायनलला शेवटी आला. तरी तीन फायनलमध्ये त्याचा थेट हात आहे. हे ग्रेट नसेल तर मग ग्रेटचा फॉर्म कुठे मिळतो ते सांगा, भरून देतो.

बाराचीमॅच

लिस्बनला त्या हेडरच्या आधी किती चान्स घालवले ते पण लिहा की. तेव्हाच मारले असते तर रामोसला 93 व्या मिनिटाला बरोबरी करण्यासाठी देव पाण्यात घालायची वेळ आली नसती. आणि कीव्हचा दुसरा गोल लिव्हरपूलचा गोलकीपर कारियसच्या हातातून सुटलाय, सगळ्या जगानं बघितलंय.

माझा मुद्दा तोच आहे. मोठ्या रात्री चमकणं वेगळं आणि मंगळवारी-शनिवारी न चुकता हजर राहणं वेगळं. माद्रिदचाच बेन्झेमा बघा. बेलबरोबर आला नव्हता पण त्याच्या बरोबरच उभा होता, निम्म्या स्टेडियमच्या शिट्ट्या खाल्ल्या, रोनाल्डो गेल्यावर टीम हातात घेतली, 2022 ला बॅलन डी'ओर (जगातल्या बेस्ट प्लेअरचा अवॉर्ड) घेऊन गेला. बेलला तीच संधी 2018 ला मिळाली होती. तेव्हा लीगमध्ये गोल किती? आठ.

फिजिओ_नाशिक

खेळाडूंसोबत काम करतो म्हणून एवढंच. "दवाखान्यात" हा शब्द फार सहज वापरलाय वर. बेलचा अख्खा गेम टॉप स्पीडवर उभा होता. त्याला माद्रिदमध्ये जी दुखणी झाली त्यात पोटरीच्या आतल्या सोलियस मसलचं दुखणं पुन्हा पुन्हा येत होतं. हे दुखणं चिवट असतं, एकदा झालं की परत व्हायची शक्यता वाढते, बाहेरून माणूस ठीक दिसतो, जॉगिंग करतो, पण फुल स्प्रिंट मारायची म्हटली की भीती. त्यात नोव्हेंबर 2016 ला घोट्याच्या टेंडनचं ऑपरेशन. एप्रिल 2017 च्या क्लासिकोला (माद्रिद-बार्सा मॅच) पूर्ण फिट नसताना उतरवला आणि हाफटाइमच्या आत बाहेर आला. हा आळशीपणा नाहीये. 2015-16 ला दुखण्यातून वेळ मिळाला तेवढ्यात 23 लीग मॅचमध्ये 19 गोल आहेत त्याचे, हे कुणी लिहिलंच नाही अजून.

गोल्फमुळे इंजुरी होते का याचं उत्तर मागू नका, प्रत्येक धाग्यावर मागतात.

मिड_ऑन

गोल्फमुळे इंजुरी होते का हो डॉक्टर 😄

शिवाजीपेठ_९नंबर

सगळे माद्रिद-माद्रिद करताय, मला वेल्सबद्दल बोलायचंय.

आमच्या कोल्हापुरात पोरगं बाहेर कुठल्याही क्लबला खेळू दे, शाहू स्टेडियमवर पेठेसाठी उतरलं नाही तर त्याला इज्जत नाही. बेल म्हंजे तसला गडी, पेठेचा. तीस लाखांच्या आसपास लोकसंख्येचा देश, तिथला पहिला खेळ रग्बी, 1958 नंतर एकही मोठी स्पर्धा नाही, 2011 ला रँकिंग 117. तिथून 2016 च्या युरोला (युरोपातल्या देशांची स्पर्धा). क्वालिफाइंगला वेल्सचे एकूण गोल 11, त्यातले 7 बेलचे. स्पर्धेत ग्रुपच्या तिन्ही मॅचला गोल, इंग्लंडविरुद्ध लांबून फ्री किक. मग बेल्जियमला 3-1 मारून थेट सेमीफायनल, तिथं पोर्तुगालनं अडवलं. मग 2022 चा वर्ल्ड कप, 64 वर्षांनी! प्लेऑफला ऑस्ट्रियाविरुद्ध दोन्ही गोल त्याचे, युक्रेनविरुद्ध जो सेल्फ गोल झाला तो त्याच्याच फ्री किकवर. 111 मॅच 41 गोल, वेल्सच्या पुरुष टीमचे दोन्ही रेकॉर्ड. आता सांगा वाया कुठं गेला राव?

बाराचीमॅच

बरं झालं ऑस्ट्रियाचा विषय काढलात. 20 मार्च 2022, क्लासिको, माद्रिद घरच्या मैदानावर 4-0 हरलं आणि बेल पाठ दुखते म्हणून टीममध्येच नाही. चार दिवसांनी, 24 मार्चला, तीच पाठ घेऊन ऑस्ट्रियाविरुद्ध दोन गोल, त्यातला एक फ्री किकवरून थेट वरच्या कोपऱ्यात. माद्रिदच्या मार्का पेपरनं त्याला बांडगूळ म्हटलं, शब्द चुकीचा असेल, राग चुकीचा नव्हता. पेठेवरचं प्रेम मला कळतं पण पगार देणारा पेठेतला नव्हता ना भाऊ. तुमच्या ऑफिसात कुणी सोमवारी पाठ दुखते म्हणून घरी आणि शुक्रवारी गावच्या कुस्तीला लंगोट लावून उभा, तर तुम्ही टाळ्या वाजवाल?

शिवाजीपेठ_९नंबर

कुस्ती जिंकून आला तर वाजवीन 😄

कार्डिफकर

कामानिमित्त इथे कार्डिफमध्ये राहतो. बाहेरून एक गोष्ट लक्षात येत नाही. इथल्या फुटबॉलवाल्यांना मोठे प्लेअर कधी कमी नव्हते. इयान रश, मार्क ह्यूज, गिग्ज. त्यांच्यातल्या एकालाही वर्ल्ड कप खेळायला मिळाला नाही. 1993 ला रोमानियाविरुद्ध जिंकले असते तर जाणार होते, पॉल बोडिनची पेनल्टी क्रॉसबारला लागली. जुनी माणसं आजही तो विषय निघाला की गप्प होतात. गिग्ज तर वर्षानुवर्षं फ्रेंडली मॅचना फिरकायचाच नाही, त्याच्यापेक्षा मोठा क्लब प्लेअर वेल्सनं क्वचितच दिला असेल, तरी लोकांच्या बोलण्यात त्याच्याबद्दल ती ऊब नाही.

बेल त्याच्या उलट. व्हिटचर्चच्या सरकारी शाळेत शिकला, त्याच शाळेत रग्बी कॅप्टन सॅम वॉरबर्टन आणि टूर द फ्रान्स जिंकलेला गेरेंट थॉमस. शाळेत पीटीचे सर त्याला मॅचमध्ये डावा पाय वापरू द्यायचे नाहीत आणि एकाच टचवर खेळायला लावायचे, नाहीतर बाकी पोरांना काही करायलाच उरायचं नाही. आणि तो 'वेल्स, गोल्फ, माद्रिद, याच क्रमानं' वाला झेंडा लोक अजून बेलच्या माथी मारतात. मुळात माद्रिदचा जुना प्लेअर मियातोविचनं रेडिओवर टोमणा मारला होता, फॅन्सनी त्याचं गाणं केलं, मग झेंडा आला, आणि नोव्हेंबर 2019 ला हंगेरीला हरवून युरोला गेले त्या रात्री सगळ्या टीमनं तो धरून नाचून घेतलं. माद्रिदमध्ये लोकांना तो अपमान वाटला, हे समजू शकतो. त्याला झेंडा दुसऱ्याच्या हातात देता आला असता हेही खरं.

जुनापुराणा

तुम्ही सगळे अलीकडचे. वेल्सचा ग्रेट म्हणजे जॉन चार्ल्स. 1957 ला लीड्सहून युव्हेंटसला, पहिल्याच सीझनला 28 गोल आणि सेरी आचा (इटलीची लीग) टॉप स्कोरर, तीन लीग टायटल. गरज पडली तर सेंटर हाफ. भाषा नवी, देश नवा, तरी इटालियन लोकांनी डोक्यावर घेतला, 'सज्जन राक्षस' म्हणायचे. 58 च्या वर्ल्ड कपच्या क्वार्टरफायनलला तो जखमी नसता तर पेलेच्या त्या एका गोलवर ब्राझील सुटलं नसतं असं मानणारे आहेत, मीही त्यातला. माद्रिदवाले बेलवर चिडले ते गोल्फसाठी कमी आणि तो त्यांच्यात कधी मिसळला नाही म्हणून जास्त.

हलाबेर्नाबेऊ

जुनापुराणा यांच्या शेवटच्या वाक्याला +१. आमच्याकडचा राग तोच होता. स्पॅनिशमध्ये मुलाखत द्यायला एवढी वर्षं काय अडचण होती देव जाणे. पण मॅनेजर झिदाननं 2019 ला उघड सांगितलं की उद्या गेला तर उत्तम, मग चीनला जायचं जवळपास ठरलं आणि ते क्लबकडूनच फिसकटलं. त्यानंतर तो बेंचवर टेपची दुर्बीण करून बसला तर दोष एकट्याचा? कॉन्ट्रॅक्ट 2016 ला 2022 पर्यंत वाढवलं ते क्लबच्या अध्यक्षानं, पेरेझनं, बेलनं बंदूक लावली नव्हती. दिलेला शब्द क्लबनं पाळायचा की नाही?

आणि 2018-19 चं आठ गोल सांगताना त्या एका सीझनला तीन मॅनेजर झाले हे पण सांगा. टीमच बुडाली होती.

बाराचीमॅच

बुडणाऱ्या टीमला काढण्यासाठीच दहा कोटी दिलेले असतात हो.

उत्तरलंडनचा_मावळा

एक आकडा टाकतो मग बघू. 2020-21, आमच्याकडे लोनवर, वय 31, लीगमध्ये 20 मॅच आणि त्यातल्या पण बऱ्याच सब म्हणून, गोल 11. तीच पाठ, तीच पोटरी. पुढे 2022 ला लॉस एंजेलिसकडून एमएलएस (अमेरिकेची लीग) फायनल, 128 वं मिनिट, टीम हरत असताना हेडर, बरोबरी, मग पेनल्टीवर कप. पाय गेलेला माणूस हे करत नाही. म्हंजे तीन वर्षं माद्रिदला चांगला प्लेअर वापरता आला नाही.

बाराचीमॅच

की तीन वर्षं त्याला माद्रिदसाठी खेळायचंच नव्हतं आणि स्पर्स-वेल्सला बरोबर फिट व्हायचा? तुमचा आकडा माझ्या बाजूनं जास्त बोलतोय मावळेसाहेब. पेठेसाठी उठतो तो माणूस बेर्नाबेऊवर का उठत नव्हता एवढंच विचारतोय मी पहिल्यापासून.

फिजिओ_नाशिक

कारण नॅशनल टीम महिना-दोन महिन्यांतून दोन मॅच खेळते आणि क्लब दर तीन-चार दिवसांनी एक. सोलियसवाल्या माणसाला एवढा फरक पुरतो. बाकी मनातलं मला माहीत नाही.

शिवाजीपेठ_९नंबर

घ्या. डॉक्टरांनी पेठेच्या बाजूनं सर्टिफिकेट दिलं. आता कतारच्या वर्ल्ड कपमध्ये इराण आणि इंग्लंडनं धुतलं तो विषय कुणी काढू नका म्हंजे झालं.

बाराचीमॅच

काढतोच. अमेरिकेविरुद्धची पेनल्टी सोडली तर तीन मॅचमध्ये बेल दिसला कुठे?