कावीळ नव्हतीच, बरगडीवर गाठ आली

कावीळ नाही, पोटात पाणी नाही म्हणजे लिव्हरचा कॅन्सर नसणार असं बरेच जण म्हणतात, ते नाही पटत. माझे मामा रोज पर्वती चढणारे, पोटाची काहीच तक्रार नाही. पाठ दुखायला लागली तर बाम, शेक, फिजिओ सगळं झालं, वयाचं असेल म्हणून आम्हीही सोडून दिलं (आता वाईट वाटतं), पण रात्री आडवं पडलं की जास्त दुखायचं आणि मग बरगडीवर लिंबाएवढी गाठ हाताला लागली. एमआरआयमध्ये मणका पोखरलेला दिसला, पुढे पोटाचा सीटी आणि एएफपीची (लिव्हर कॅन्सरमध्ये बरेचदा वाढणारं प्रथिन) रक्त तपासणी केली तेव्हा कुठे कॅन्सरचं लिव्हरमधलं मूळ सापडलं. जुना हेपॅटायटिस बी (लिव्हर कॅन्सरचं एक मोठं कारण असलेला विषाणू) होता, कुणाला पत्ताच नाही.

अजून एक, लिव्हरमधून हाडात गेलेल्या गाठीला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे बायोप्सीला (गाठीचा तुकडा काढून तपासताना) रक्तस्राव जास्त होऊ शकतो, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. क्वचित अशी गाठ जबड्यात येऊन तिथली नस दाबते, नुसती हनुवटी बधिर होते आणि माणूस डेंटिस्टकडे जातो! पाठदुखीसोबत पायातला जोर गेला किंवा लघवी अडली तर मात्र त्याच दिवशी इमर्जन्सीला.