गव्हला कचरा की कचोरा? उटण्याच्या पुडीवरील काही शब्द

प्रश्न

दिवाळीसाठी उटणे आणि केस धुण्याची पूड तयार करणाऱ्या आमच्या गावातील एका बचत गटाच्या पुड्यांवर छापायचा मजकूर तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. उटण्याच्या यादीत ‘गव्हला कचरा’ असे लिहिलेले होते, ते मी ‘गव्हला, कचोरा’ असे दुरुस्त केले. त्यावर गटातील ताई म्हणाल्या की, काष्ठौषधींच्या दुकानात त्या कित्येक वर्षे ‘गव्हला कचरा’च मागत आल्या आहेत, दुकानदारही निमूटपणे तेच बांधून देतो, आणि दुरुस्त शब्द वाचून गिऱ्हाइकाला हे काहीतरी निराळेच आहे असे वाटेल. दुसऱ्या पुडीवर शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी हे शब्द आहेत. इंग्रजी मजकूर करणाऱ्या मुलाने आवळकाठीचे भाषांतर ‘आवळ्याच्या झाडाची काडी’ असे करून ठेवले होते. ते खोडल्यावर, मग शिकेकाईतील ‘काई’ म्हणजे तळ्यातले शेवाळ का, असे त्याने विचारले आणि मलाही चटकन उत्तर देता आले नाही. जाणकारांनी खुलासा करावा.

प्रतिसाद १

आवळकाठी म्हणजे आवळ्याच्या बी काढून सुकवलेल्या फोडी, एवढे सांगितले की तो प्रश्न मिटतो. ‘गव्हला कचरा’ हे प्रकरण मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण ते एका वस्तूचे नाव नसून जोडीने मागितल्या जाणाऱ्या दोन वस्तूंचे नाव आहे. गव्हला किंवा गहुला म्हणजे संस्कृतातील प्रियंगू; कचोरा म्हणजे कर्चूर, अर्थात हळदीच्या कुळातील एक सुगंधी कंद, जो कापून व सुकवून विकला जातो. ‘कचोऱ्याची पूड’ असे घाईघाईने चार वेळा म्हणून पाहिल्यास ‘कचऱ्याची पूड’ कशी होते ते आपल्या तोंडालाच कळते. सामान्यरूपातला ओकार आधी बोलण्यात गळाला असावा आणि मग मूळ शब्दही ‘कचरा’ झाला असावा, असे मला वाटते. लहानपणी आईने चिठ्ठी न देता मला दुकानात पाठवले होते, तेव्हा ‘कचरा द्या’ असे म्हणायची लाज वाटून मी नुसताच गव्हला घेऊन परतलो होतो, हे या निमित्ताने आठवले.

आणखी एक सावधगिरी घ्यावी. कपूरकाचरी हे कचोऱ्याचे दुसरे नाव नव्हे. तिला संस्कृतात शटी म्हणतात आणि ती वनस्पतीही वेगळी आहे. दोन्ही कंदांच्या चकत्या सुगंधी, दोन्ही उटण्यात पडतात, त्यामुळे पुड्यांवर एकाऐवजी दुसरे नाव सर्रास छापले जाते. आपल्या ताई नेमके काय आणतात हे नमुना पाहूनच ठरवावे, शब्दकोश पाहून नव्हे.

प्रतिसाद २

‘काई’विषयी लिहितो. आमच्या सीमाभागातील घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलल्या जात असल्याने हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. कन्नडमध्ये ‘काय’ म्हणजे कच्चे फळ किंवा शेंग, आणि पिकलेले फळ म्हणजे ‘हण्णु’. मिरचीला ‘मेणसिनकाय’ म्हणतात, शेवग्याच्या शेंगेला ‘नुग्गेकाय’ म्हणतात. तशीच ‘सीगेकाय’, म्हणजे सीगे नावाच्या काटेरी वेलीची शेंग. तमिळमध्ये ‘सिकै’ म्हणजे शेंडी किंवा केस, म्हणून ‘केसांसाठीची शेंग’ अशी फोड करून दाखवतात आणि ती ऐकायला फार गोड आहे. परंतु मराठी उच्चाराला ‘सीगे’ हे वेलीचे नाव अधिक जवळचे असल्यामुळे मला कन्नड वाट जास्त पटते. काही असो, शेवाळाची काई येथे नाही.

प्रतिसाद ३

रिठ्याकडे कोणी वळले नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण यादीतील सर्वांत मनोरंजक शब्द तोच आहे. संस्कृतात रिठ्याला ‘अरिष्ट’ किंवा ‘अरिष्टक’ म्हणतात. आरंभीचा ‘अ’ गळून ‘रिठा’ झाला. अरण्याचे ‘रान’ आणि अरघट्टाचा ‘रहाट’ झाला त्याच रीतीने. आता गंमत अशी की, मराठीत ‘अरिष्ट’ म्हणजे संकट, आणि औषधांच्या दुकानातील अशोकारिष्ट व दशमूलारिष्ट ही औषधे. मूळ अर्थ पाहिला तर ‘रिष्’ म्हणजे इजा करणे, म्हणून ‘अरिष्ट’ म्हणजे इजा न झालेले, सुरक्षित. परंतु संस्कृतातच तो शब्द दुश्चिन्हासाठीही वापरला जाऊ लागला आणि आयुर्वेदात तर जवळ आलेल्या मृत्यूच्या लक्षणांना अरिष्टलक्षणे म्हणतात. कडुनिंबालाही अरिष्ट म्हणत. म्हणजे एकाच शब्दात झाड, फळ, औषध आणि अनर्थ असे सगळे नांदत होते, आणि मराठीने त्यातील फळापुरता ‘रिठा’ वेगळा काढून घोटाळा टाळला, याचे मला कौतुक वाटते. औषधी अरिष्ट आणि आसव यांतील भेदही जाता जाता सांगते. अरिष्टात वनस्पतींचा काढा करून तो आंबवतात, आसवात न उकळता आंबवतात.

पुडीवर ‘रिठा’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही, ‘रिठ्याची साल’ असे लिहावे. वाळलेला रिठा कानाशी हलवला तर आत काळी कुळकुळीत बी खुळखुळते; ती बी टाकून द्यायची असते आणि फेस येतो तो भिजून चिकट, तपकिरी झालेल्या सालीला. दागिने आणि रेशमी साड्या धुण्यासाठी वापरतात तीही ही सालच. डोळ्यांत गेल्यास झोंबते, हे शब्दचर्चेत बसत नसले तरी पुडीवर अवश्य छापावे.

प्रतिसाद ४

मजकुरात ‘उटण्याचा लेप लावावा’ असे वाक्य असेल तर तेही बदलावे. उटणे हा शब्द ‘उद्वर्तन’ यावरून आला आहे आणि त्यात चोळण्याची क्रिया आहे. तेल लावणे म्हणजे अभ्यंग. त्यानंतर अंगावरचे तेल निघावे म्हणून चोळायचे ते उटणे. लेप अंगावर थापून ठेवतात. आणि ‘उटी’ त्याच घराण्यातली असली तरी ती चोळून काढायची नसते, ती थंडाव्यासाठी अंगावर राहू द्यायची असते. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाला चंदनउटी लावतात, तिला कोणी चंदनाचे उटणे म्हणत नाही. त्यामुळे ‘उटणे दुधात किंवा पाण्यात कालवून अंगाला चोळावे’ एवढे साधे वाक्य पुरे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. आज नमुने पाहून आलो. ताईंच्या डब्यात कचोराच आहे, कपूरकाचरी नाही. पुडीवर ‘गव्हला व कचोरा (गव्हला कचरा)’ असे छापायचे ठरले. कंसातले रूप गिऱ्हाइकासाठी आहे, आणि ते मी यापुढे अशुद्ध न मानता बोलीतले मानणार आहे. ‘लेप लावावा’ हे वाक्य खरोखरच होते, ते काढले. राहता राहिला एक शब्द. गटाने या वर्षी बाटलीतून रिठ्याचे उकळून गाळलेले पाणी विकायचे ठरवले आहे आणि त्यावर त्यांना ‘रिठा अर्क’ असे हवे आहे. ते बरोबर होईल का?

प्रतिसाद ५

माझ्या मते होणार नाही. ‘अर्क’ हा शब्द औषधांच्या संदर्भात अरबीतून आला आहे. तेथे त्याचा अर्थ घाम, आणि भट्टीच्या झाकणाला घामासारखे जे थेंब धरतात ते जमवले की अर्क होतो. गुलाबपाणी हा खरा अर्क. (संस्कृत ‘अर्क’ म्हणजे सूर्य किंवा रुईचे झाड, त्याचा येथे संबंध नाही.) अलीकडे बाजारातील बाटल्यांवर कोणत्याही सत्त्वाला अर्क म्हणण्याची पद्धत पडली आहे हे खरे, पण रिठ्यातील फेस आणणारे द्रव्य वाफेबरोबर वर चढत नाही, ते खालच्या पाण्यातच राहते, म्हणजे रिठ्याचा अर्क खरोखर काढला तर त्याला फेस येणार नाही. उकळून गाळलेल्याला ‘काढा’ म्हणतात, परंतु बाटलीवर ‘काढा’ वाचून कोणी तो पिऊन टाकील. ‘केस धुण्यासाठी रिठ्याचे पाणी’ असे लिहावे.