बुयुर्दी केलं, पण फेटा वितळतच नाही आणि खाली नुसतं पाणी… काय चुकतंय?

मीठमोहरी

मंडळी, जरा मदत हवीये.

सप्टेंबरात आम्ही ग्रीसला जाऊन आलो. अथेन्स, सँटोरिनी वगैरे सगळे करतात तेच, पण नवऱ्याचा कॉलेजचा मित्र थेस्सालोनिकीला असतो म्हणून शेवटचे दोन दिवस तिकडे होतो आणि खाण्याच्या बाबतीत मला तेच दोन दिवस लक्षात राहिलेत. तिथे बुयुर्दी नावाचा प्रकार खाल्ला. मातीच्या पसरट वाडग्यात फेटा चीज, टोमॅटो, हिरवी मिरची, वरून भरपूर ऑलिव्ह ऑइल आणि लाल मिरचीचा चुरा, ओव्हनमधून थेट टेबलावर रटरटत येतं आणि पाव बुडवून खायचं. सासूबाई आठ दिवस "सगळंच मेलं फिकं" म्हणत बॅगेतली शेंगदाण्याची चटणी पुरवून पुरवून खात होत्या, त्यांनी ते वाडगं पावाने असं पुसून काढलं की वेटरने धुतलं नसतं तरी चाललं असतं.

तर आता घरी करायचा घाट घातलाय. दोनदा केलं, दोनदा फसलं. सुपरमार्केटमधून फेटाचा डबा आणला (२०० ग्रॅम), काचेच्या मोठ्या बेकिंग डिशमध्ये टोमॅटोच्या चकत्या, वर फेटा, सिमला मिरची, पिझ्झाबरोबर येतात त्या ओरेगॅनोच्या पुड्या होत्या त्या चार टाकल्या, फॉइल लावून ओटीजीत १८० वर अर्धा तास. बाहेर काढलं तर खाली गुलाबी पाण्याचं तळं आणि मध्ये फेटा जसाच्या तसा, बेटासारखा. वितळलाच नाही. दुसऱ्या वेळी पन्नास मिनिटं ठेवलं तर पाणी आणखी वाढलं आणि फेटा रबरासारखा झाला. आणि खारट म्हणजे किती, समुद्रात पडल्यावर तोंडात जातं तसं!

तर चीज वितळायला काय करू? आणि पाणी कुठून येतंय? दिवाळीनंतर घरी पाहुणे आहेत, त्याच्या आत जमलं पाहिजे.

रंकाळा

शीर्षक वाचून वाटलं लग्नात कुणाचा फेटा वितळला. आमच्याकडे फेटा बांधतात हो, भाजत नाहीत. असो, चालू द्या, वाचतोय.

नेकारकाठ

मीठमोहरी, आधी मनातून "वितळणं" काढून टाका. फेटा मोझरेलासारखा वितळत नाही, कितीही वेळ ठेवलात तरी. तो आंबट चीज आहे, त्या आंबटपणामुळे दुधातल्या प्रथिनांना एकमेकांशी बांधून ठेवणारं कॅल्शियम निघून जातं, त्यामुळे तारा सुटत नाहीत. चांगला फेटा तापला की मऊ पडतो, चमच्याने दाबला की गरम चक्क्यासारखा पसरतो, बस्स. तुम्ही तिकडे खाल्लेल्याला तार सुटत होती का? सुटत असेल तर वरून दुसरं पिवळं चीज होतं, तिकडे कासेरी घालतात, इकडे आम्ही गौडा घालतो. घरी हवं असेल तर मूठभर किसून वर टाका, प्रोसेस्ड क्यूब मात्र नको.

आता डबा. डब्याच्या मागे बारीक अक्षरात वाचा, माझी पैज आहे "गाईचं दूध" असणार. अस्सल फेटा मेंढीच्या दुधाचा, निदान ७० टक्के, उरलेलं फार तर बकरीचं, आणि निदान दोन महिने मुरवलेला. युरोपात २००२ पासून हे नाव फक्त ग्रीसचं, डेन्मार्क आणि जर्मनी कोर्टात गेले होते, २००५ मध्ये हरले. म्हणून इथे स्टुटगार्टला गाईच्या दुधाचं तसलंच चीज "हिर्टनकेज" म्हणजे धनगराचं चीज अशा नावाने विकतात, डब्यावर मेंढ्यांचं चित्र पण आत मेंढीचा थेंब नाही. (हे मला चार वर्षांनी कळलं, तोवर मी फेटा म्हणूनच पाहुण्यांना खाऊ घालत होते.) गाईचं गुळगुळीत असतं, कापताना चुरा होत नाही, आणि ओव्हनमध्ये जास्त वेळ राहिलं की पाणी सोडून आक्रसतं. तुमचं रबर म्हणजे तेच. त्यात वाईट काही नाही, फक्त वेळ कमी द्यायचा.

पाणी तीन ठिकाणांहून येतंय. टोमॅटोतून, चीजमधून, आणि फॉइल शेवटपर्यंत लावल्यामुळे वाफेचं परत आत पडतंय. मी काय करते सांगते. टोमॅटो एकच, मांसल, लांबट, आपल्याकडे जे कमी रसाचे मिळतात ते. बिया बोटाने काढून टाकायच्या, चकत्या करून दहा मिनिटं जुन्या पंचावर पसरायच्या. चीज डब्यातून काढून थंड पाण्यात अर्धा तास बुडवायचं, मध्ये एकदा पाणी बदलायचं, बराच खारटपणा तिथेच जातो, मग तेही कोरडं पुसायचं. आणि डिश लहान घ्या हो! मोठ्या डिशमध्ये रस पसरतो आणि तेल पातळ थर होऊन दिसतसुद्धा नाही. चीजच्या तुकड्याभोवती बोटभर जागा राहील एवढंच भांडं. दोन-तीन टेबलस्पून तेल, कंजुसी नको.

ओव्हन आधी २०० वर पूर्ण तापू दे. फॉइल लावून पंधरा मिनिटं, मग फॉइल काढून फक्त वरचा रॉड, सात-आठ मिनिटं, समोर उभं राहून बघायचं. कडेचं तेल नारिंगी होऊन बुडबुडायला लागलं आणि चीजच्या कोपऱ्यांवर तपकिरी डाग पडले की काढा.

आणि त्या पिझ्झाच्या पुड्या! त्यात नुसता ओरेगॅनो नसतो, बऱ्याचदा मीठ पण असतं. चार पुड्या म्हणजे खारटपणाचं अर्धं उत्तर तिथेच. बाटलीतला साधा सुका ओरेगॅनो आणा आणि तळहातावर चोळून टाका. वरून मीठ अजिबात नाही.

मीठमोहरी

अगं बाई, डबा बघितला. गाईचंच दूध. आणि पुडीवर पण मीठ लिहिलंय, दुसऱ्या नंबरलाच 🙈

नेकारकाठ ताई खूप धन्यवाद. अजून दोन शंका. एक म्हणजे माझ्याकडे दही लावायचं मातीचं परळ आहे, ते ओव्हनमध्ये चालेल का, कारण तिकडे मातीच्याच वाडग्यात होतं आणि मला तसंच टेबलावर ठेवायचंय. आणि दुसरी, बाहेरगावहून कोणी अस्सल ग्रीक फेटा आणून देत असेल तर सासूबाईंना चालेल का, त्या शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

डेकवरून

बुयुर्दी वाचलं आणि लॉगिन झालो, एरवी नुसता वाचक आहे.

मी बावीस वर्षं बोटीवर होतो, त्यातली बरीचशी ग्रीक मालकांच्या जहाजांवर. मालक ग्रीक, कॅप्टन ग्रीक, आम्ही निम्मे भारतीय, निम्मे फिलिपिनो. थेस्सालोनिकीच्या बंदराला लागूनच लादादिका म्हणून जुना भाग आहे. ग्रीकमध्ये तेलाला लादी म्हणतात, पूर्वी तिथे तेलाची दुकानं नि वखारी होत्या, आता सगळी खानावळी. चीफ इंजिनियर आम्हाला तिथे घेऊन गेला होता. टेबलावर कागद अंथरलेला, छोट्या छोट्या बाटलीतून त्सिपुरो (आपल्या फेणीच्या नात्यातलं समजा, फक्त द्राक्षाच्या चोथ्याचं) आणि मध्ये ते वाडगं. मी पहिला घास घेतला नि टाळू भाजली. चीफ हसून म्हणाला, हुकूम मोडलास, थांबायचं असतं.

तर नावाची गंमत अशी. शहर १९१२ पर्यंत तुर्की सुलतानाकडे होतं आणि बुयुर्दी म्हणजे तुर्की अधिकाऱ्याचा लेखी हुकूम, आपलं फर्मान. अजूनही ग्रीक माणूस सरकारी खात्याकडून दंडाची नोटीस किंवा भलंमोठं बिल आलं की "बुयुर्दी आलं" म्हणतो. उघडलं की चटका बसतो, या पदार्थाचंही तेच. नाव पदार्थाला का पडलं याच्या पाच जणांनी मला पाच गोष्टी सांगितल्या, मी चटक्याचीच धरून चाललोय.

आता मिरचीबद्दल बोलतो, कारण ताईंनी ते सोडलं. सिमला मिरची नको, ती गोड पडते आणि पाणीही सोडते. तिकडे लांब, फिकट हिरव्या, शिंगासारख्या मिरच्या घालतात. आपल्याकडे भज्याची भावनगरी घ्या, हुबेहूब नाही पण चालून जाते. आधी गॅसवर जरा डाग पडेपर्यंत भाजून घेतलीत तर उत्तमच. वरचा लाल चुरा म्हणजे बुकोवो, आताच्या उत्तर मॅसेडोनियातल्या बुकोवो गावावरून नाव पडलं. मी घरी ब्याडगी नि एखादी गुंटूर तव्यावर शेकून खलबत्त्यात भरड कुटतो, बियांसकट. मिरची पूड टाकू नका, वरच्या रॉडखाली जळून कडू होते.

परळाचं: चालेल, पण थंड परळ तापलेल्या ओव्हनमध्ये घातलंत तर टाण् करून दोन तुकडे. अर्धा तास पाण्यात बुडवून, बाहेरून पुसून, थंड ओव्हनमध्येच ठेवायचं आणि त्याच्याबरोबर ओव्हन तापवायचा. वेळ मग दहा मिनिटं वाढवून धरा. आणि बाहेर काढल्यावर ओल्या ओट्यावर ठेवू नका, लाकडी पाटावर ठेवा. दह्याचं परळ वापरणार असाल तर ते परत दह्याला घेऊ नका, तेल मुरतं.

नेकारकाठ

+१ भावनगरीला. मी इथली तुर्की दुकानातली वापरते.

सासूबाईंचं: दूध घट्ट करायला रेनेट लागतं, पारंपरिक फेटात ते कोकराच्या किंवा करडाच्या पोटातलं असतं. सगळ्यांतच असं नाही, पण डब्यावर स्पष्ट नसेल तर देऊ नका. भारतात हिरव्या ठिपक्याचा डबा मिळतो तो त्यांच्यासाठी बरा. तेव्हा तुमचा गाईवाला डबा फेकू नका!

शिकागोचा_गारठा

हे तेच ना, ज्याला टेबलावर आग लावतात आणि सगळे "ओपा" ओरडतात? आमच्याकडे ऑफिसच्या पार्टीत एकाच्या भुवया थोडक्यात वाचल्या.

डेकवरून

नाही हो, ते सागानाकी. सागानाकी म्हणजे दोन कानांची छोटी कढई, आपण पनीर कढई, चिकन हंडी म्हणतो तसं भांड्याचंच नाव पदार्थाला. घट्ट चीजची बोटभर जाड वडी नळाखाली ओली करायची, मैद्यात घोळवायची, तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस, वर लिंबू, झालं. ते तळतात, भाजत नाहीत. आणि ग्रीसमध्ये इतक्या वर्षांत मला कोणी आग लावताना दिसलं नाही, ती तुमच्या गावाची करामत.

शिकागोचा_गारठा

बरोबर! आत्ता बघितलं. इथल्या ग्रीकटाऊनमधल्या पार्थेनॉन नावाच्या रेस्टॉरंटला श्रेय देतात, १९६८ मध्ये उघडलेलं, २०१६ ला बंद झालं. म्हणजे मी वीस वर्षं अस्सल ग्रीक म्हणून शिकागोचंच खातोय. मंचुरियनसारखं झालं हे.

चतकोर_भाकरी

फेटा आमच्याकडे (लातूर) मिळतच नाही, पनीर चालेल का? कृपया कोणी करून बघितलं असेल तर सांगा.

नेकारकाठ

पनीर नुसतं घातलंत तर पनीर टिक्काच होईल. पण आईकडे गेल्यावर एकदा केलं होतं. दोन कप पाण्यात दीड टेबलस्पून मीठ विरघळवून त्यात पनीरचा तुकडा रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी कुस्करून त्यात तीन-चार चमचे आंबट चक्का (गोड श्रीखंडाचा नव्हे!) मिसळून वडी दाबायची आणि वरच्यासारखंच भाजायचं, फक्त दहा-बारा मिनिटं. फेटा नाही होत. पण बाबांनी ज्वारीच्या भाकरीबरोबर संपवलं, तर लातूरला चालेल असं वाटतं.

मीठमोहरी

मंडळी झालंऽऽऽ!!

शनिवारी केलं. तोच गाईवाला डबा, पण पाण्यात भिजवून. परळाची हिंमत झाली नाही म्हणून वरणाची छोटी स्टीलची वाटीवजा डिश असते ना पसरट, ती घेतली. टोमॅटोच्या बिया काढल्या, पंचावर पसरलं, नवरा म्हणाला आता टोमॅटोला वाळवण घालणार का. भावनगरी गॅसवर भाजली, ब्याडगी कुटली, पंधरा मिनिटं झाकून आणि मग समोर स्टूल टाकून बसले. सहाव्या मिनिटाला एका कोपऱ्यावर डाग पडला, सातव्याला तेल कडेने उकळायला लागलं, आठव्याला मी घाबरून काढलंच. पाणी जवळपास नाही, चमचाभर रस होता तो तेलात मिसळून मस्त नारिंगी झाला होता. चीज दाबलं की खरंच पसरत होतं. खारट होतं पण खाण्याइतपत. बेकरीतला लादीपाव आणला होता, शिळा असेल तर बरा, ताजा तेलात विरघळतो.

मेंढीच्या दुधाचा तो वास मात्र नव्हता, हे कबूल. तिकडची चव आणि ही चव यात फरक आहेच, पण पाहुण्यांनी कुठे थेस्सालोनिकी बघितलंय.

सासूबाईंनी दोन घास शांतपणे खाल्ले. मग म्हणाल्या, बरं झालंय, पुढच्या वेळी दोन लसूण पाकळ्या ठेचून घाल.

डेकवरून

घालतात. तिकडेही काही जण घालतात. सासूबाईंना नमस्कार सांगा.