विकर, निदर्शक, लक्ष्य : हे वाक्य कसे सोडवावे?

शेवाळ : आरोग्य पुरवणीसाठी एक लेख मराठीत आणते आहे. विषय एलपी-पीएलए२. रक्तात मुख्यतः एलडीएलच्या (‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या) कणांना चिकटून फिरणारे हे विकर, म्हणजे एन्झाइम, ऑक्सिडीकरण झालेल्या फॉस्फोलिपिडांचे (एक प्रकारच्या मेदाचे) तुकडे करते आणि त्यातून दाह वाढवणारे पदार्थ सुटतात. माझे वाक्य : ‘हे विकर हृदयविकाराचे निदर्शक आहे, पण औषधाचे लक्ष्य म्हणून टिकले नाही.’ (निदर्शक म्हणजे बायोमार्कर, रोगाची शरीरात मोजता येणारी खूण; लक्ष्य म्हणजे औषध ज्याला अडवते ते.) मुद्रितशोधकांनी ‘विकर’चे सगळीकडे ‘विकार’ केले! आता ‘रक्तातील विकाराची पातळी’ वाचून हसू की रडू? शिवाय ‘निदर्शक’ खाली लाल रेघ.

ताकपिठ्या : रेघ बरोबर आहे. निदर्शक म्हटले की फलक धरून घोषणा देणारी माणसे दिसतात. ‘सूचक’ घ्या. वधूवर सूचक मंडळ स्थळ सुचवते, लग्न लागेल याची हमी देत नाही. बायोमार्करचेही तेच.

आत्याबाई : विकर कशाला? आम्हाला शाळेत ‘वितंचक’ होते. संस्कृतात आतंचन म्हणजे विरजण, त्यातलेच हे. ग्रीक ‘झायमे’ म्हणजेही आंबवणच, त्यावरून एन्झाइम. किती नेमका शब्द होता, तो टाकून दिला.

चकवा : आत्याबाई, लॅबच्या खिडकीशी जाऊन ‘वितंचकाचा रिपोर्ट द्या’ म्हणून बघा. लोक एन्झाइम म्हणतात, तेच छापा. विकार-विकर घोळही मिटेल.

आत्याबाई : लोक ‘हार्ट’ही म्हणतात. मग हृदय काढून टाकू?

उंबरठा : (पेशाने डॉक्टर) ताकपिठ्यांशी सहमत, कारण इथे शब्द चुकला तर अर्थच उलटतो. हे विकर जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो, असे अनेक अभ्यासांत दिसले. मग त्याला अडवणारे डाराप्लाडिब हे औषध आले. 2014 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल लागले. त्यांपैकी एकीत 15,828 रुग्ण होते. हृदयविकाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही झालेले औषधाच्या गटात 9.7 टक्के, नुसत्या दाखवायच्या गोळीच्या गटात 10.4. हा फरक संख्याशास्त्राला पटला नाही. दुसरीतही फायदा नाही. विकर मात्र छान दबले होते! वर काहींच्या शौचाला, लघवीला, अंगाला दुर्गंधी. म्हणजे सुचवणारा खरा, करणारा दुसराच कोणी. ‘निदर्शक’मध्ये ‘यानेच केले’ असा वास येतो.

पळसपान : यासाठी जुना शब्द आहे : लिंग. डोंगरावर धूर दिसला म्हणून आग आहे, यातला धूर हे न्यायशास्त्रात लिंग. आयुर्वेदातही रोगाच्या लक्षणाला लिंग म्हणतात. म्हणून ‘जैवलिंग’.

चकवा : छापा बिनधास्त. वाचकांची पत्रे पळसपान यांच्या घरी पाठवू.

पळसपान : हसा. शब्द नासवायचा आणि वर म्हणायचे, मराठीत शब्दच नाही.

शेवाळ : बरं, सूचक घेतला. ‘लक्ष्य’चे काय? आणि एकच विकर सूचक आणि लक्ष्य दोन्ही असेल तर?

उंबरठा : असतेच की. चरबी पचवणारे विकर म्हणजे लायपेज. रक्तातले लायपेज नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट झाले की आम्ही स्वादुपिंडाच्या दाहाचा संशय धरतो. आणि तेच लायपेज आतड्यात अडवून ऑर्लिस्टॅट हे औषध वजन कमी करते.

गडगा : एलपी-पीएलए२ ज्यातले, त्या पीएलए२ विकरांच्या गोतावळ्यातले भाऊबंद सापाच्या विषातही असतात. घोणस, नाग, सगळ्यांत. त्यांना अडवणारे व्हॅरेस्प्लाडिब हे औषध हृदयरोगाच्या चाचणीत नापास झाले, आणि पुढे सर्पदंशावर तपासले गेले, भारतातसुद्धा. आमच्या कोकणात पान लागलेल्या माणसाला गाडी मिळेपर्यंत तोंडाने देता येईल असे काही हवेच आहे.

चकवा : पान लागले म्हणजे?

गडगा : साप चावला. रात्री नाव घ्यायचे नसते ना, म्हणून.

ताकपिठ्या : आमच्याकडे देशावर ‘पान लागलं’ दिवसाही म्हणतात. नाव टाळायचे तर ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’. पान हे फण्याच्या आकारावरून आले असणार.

गडगा : फुरश्याला कुठे फणा असतो? तरी त्यालाही पानच म्हणतात.

शेवाळ : अहो, ‘लक्ष्य’?

आत्याबाई : फण्यावरून नाही. माझी आजी म्हणायची, पाचोळ्यात पाय पडतो आणि पान लागल्यासारखे वाटते, म्हणून.

ताकपिठ्या : पुरावा?